फुनाबोरी दर्शन, वेळ उरल्यास

शहर ही वस्तू मुख्यतः पाहुण्यांसाठी असते. तिथे राहणाऱ्यांना तिची फारशी गरज पडत नाही. राहणाऱ्याला एक घर लागतं, एक स्टेशन, एक वाणी आणि कचरा टाकायची जागा. एवढ्या सामग्रीवर माणूस कुठल्याही शहरात सुखाने म्हातारा होऊ शकतो.

मी टोकियोच्या एदोगावा भागात, फुनाबोरी नावाच्या वस्तीत आठ वर्षं राहतो. एका बँकेत नोकरीला आहे. घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता या काळात मी सुमारे चार हजार वेळा चाललो असेन आणि त्या रस्त्याला एक वळण आहे हे छातीठोकपणे सांगू शकतो. वळणाच्या पलीकडे काय आहे हे सांगण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. (कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा हे मात्र मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.)

अडचण मार्चच्या अखेरीस सुरू होते. चेरीची झाडं फुलू लागतात आणि त्याच सुमारास आईवडीलही येऊ लागतात. आमच्या मराठी मंडळात एकसष्ट कुटुंबं आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे त्रेचाळीस आईवडील-जोड्या आल्या, पैकी एकोणचाळीस एकाच पंधरवड्यात. सगळ्यांना शहर दाखवायचं होतं आणि दाखवणाऱ्यांपैकी कुणी ते पाहिलेलं नव्हतं. रजा संपल्या. दोन घरांत नवऱ्याने आपल्या आईवडिलांना आणि बायकोने आपल्या आईवडिलांना एकाच दिवशी वेगवेगळ्या देवळात नेलं. ती दोन्ही घरं अजून पूर्ववत झालेली नाहीत.

म्हणून मंडळाने 'पाहुणे नगरदर्शन उपसमिती' नेमली. अध्यक्ष जयप्रकाश. ते एका व्यापारी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि कुठल्याही प्रश्नाकडे वरून पाहतात. समन्वयक यामिनी, कारण तिला जपानी येतं. आणि चिटणीस मी, देवदत्त, कारण त्या सभेला मी उशिरा पोचलो.

उपसमितीने पहिल्याच बैठकीत एक स्थानिक वाटाड्या मिळवला. आमच्याकडे पालिकेच्या मदतीने काही निवृत्त मंडळी पाहुण्यांना हौसेने, विनामूल्य परिसर दाखवतात. त्यांतले इनोमाता-सान (सान म्हणजे आपलं 'राव') आमच्या वाट्याला आले. वय एकाहत्तर, उंची बेताची, डोक्यावर निळी टोपी, चेहरा कायम हसरा. पावसाचं आणि नद्यांचं पाणी बाहेर फेकणाऱ्या एका पंपघरात त्यांनी सदतीस वर्षं नोकरी केली होती. यामिनीने त्यांना फोनवर सांगितलं की आमच्या पाहुण्यांना तुमचं गाव दाखवा. ते म्हणाले, "अगदी मनापासून दाखवेन." हे वाक्य त्यांनी खरंच मनापासून म्हटलं होतं हे आम्हाला नंतर कळलं आणि त्याचा आम्हाला बराच त्रास झाला.

पहिल्या फेरीत नऊ पाहुणे होते. इनोमाता-सान त्यांना थेट एका खांबापाशी घेऊन गेले. साधा लोखंडी खांब. त्यावर डोक्याच्या वर हातभर एक निळी पट्टी रंगवलेली. इनोमाता-सान पट्टीकडे बोट दाखवून काहीतरी बोलले आणि यामिनीने त्याचं मराठी केलं.

"भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी त्या पट्टीइतकं उंच असतं. म्हणजे आपण आत्ता समुद्राच्या पातळीखाली उभे आहोत."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. खांबाशेजारी शीतपेयांचं यंत्र होतं, त्याच्यासोबत सर्वांनी फोटो काढले. तिथून इनोमाता-सान त्यांना बांधावर घेऊन गेले, मग पाण्याच्या दारांपाशी, मग त्यांच्या पंपघरासमोर. तिथे त्यांनी टोपी काढून हातात धरली. पाहुण्यांना वाटलं देऊळ आहे. दोघांनी चपला काढल्या.

फेरीनंतर अभिप्राय-पत्रं भरून घेतली. 'सर्वांत जास्त काय आवडलं?' या प्रश्नाला नऊपैकी सात जणांनी 'स्वच्छतागृह' असं उत्तर दिलं. 'काय आवडलं नाही?' या रकान्यात 'खांब' हा शब्द सहा वेळा आला. उरलेल्या तिघांनी 'खांब वगैरे' असं लिहिलं होतं.

शिवाय इनोमाता-सान यांनी प्रत्येक पाहुण्याला पालिकेची एक रंगीत पुस्तिका दिली होती. पूर आला तर कुठे किती पाणी चढेल याचा नकाशा तिच्यात होता आणि आमच्या भागाबद्दल तिच्यावर चक्क 'इथे थांबू नका' असं छापलेलं होतं. यावर अध्यक्षांनी तीव्र हरकत घेतली. घरी आलेल्या पाहुण्याला 'इथे थांबू नका' असं सांगणं आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं ते म्हणाले. पुस्तिका परत गोळा करण्यात आल्या. कागद चांगला जाड असल्याने पुढे मंडळाच्या वनभोजनात त्या गरम पातेल्यांखाली ठेवायला उपयोगी पडल्या.

उपसमितीने मग इनोमाता-सान यांची सुधारणा हाती घेतली. आणि इथे मला त्यांचं कौतुक करायलाच हवं, कारण इतका सुधारणारा माणूस मी पाहिलेला नाही. आम्ही जे सांगू ते ते छोट्या वहीत उतरवून घेत आणि पुढच्या फेरीत अमलात आणत. खांब वगळला. पंपघर वगळलं. फुनाबोरीचा मनोरा आला, शंभर येनच्या वस्तूंचं दुकान आलं (सत्तर मिनिटं, पुढे पाहुण्यांच्या आग्रहावरून एकशे दहा). झाडाखाली उभं राहिल्यावर पाकळ्या आपोआप पडत नाहीत अशी तक्रार आली, तेव्हा त्यांनी कमी पाकळ्या पडण्याबद्दल वाकून माफी मागितली. सव्वाचारला दुधाचा चहा लागतो हे कळल्यावर ते घरून आल्याचा चहा करून दोन मोठ्या थर्मासमधून आणू लागले. एकाच वेळी अकरा फोन हातात घेऊन अकरा फोटो काढायला शिकले. "हसा!", "चला चला" आणि "हळू, काका" एवढं मराठीही शिकले. समाधानाचा निर्देशांक पाचपैकी दोन पूर्णांक एकवरून चार पूर्णांक नऊवर गेला. (उरलेला एक दशांश पाकळ्यांचा.)

त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. फेरीच्या शेवटी पाच मिनिटं बांधावर थांबू द्यावं. उपसमितीने सहानुभूतीपूर्वक विचार करून तीन मिनिटं मंजूर केली आणि पुढल्या बैठकीत 'वेळ उरल्यास' हे शब्द जोडले. त्यानंतर झालेल्या चौदा फेऱ्यांपैकी वेळ उरला अशी एकही फेरी नव्हती. इनोमाता-सान दर वेळी घड्याळ पाहत, बांधाच्या दिशेने एकदा पाहत आणि म्हणत, "चला चला."

अशी सगळी घडी बसलेली असताना, यंदाच्या एप्रिलमध्ये माझ्या सासूबाई आल्या.

रेखा त्यांचं नाव, वय सदुसष्ट. सांगलीच्या गावभागात राहतात. बालवाडीच्या शिक्षिका होत्या. ज्याला अजून नीट बोलता येत नाही अशा माणसाशी तासन्‌तास गप्पा मारण्याची त्यांना सवय आहे, म्हणूनच बहुधा माझ्याशी त्यांचं पहिल्यापासून बरं जमतं. सासरे चार वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर त्या पहिल्यांदाच आमच्याकडे येत होत्या. माझी बायको मेधा इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिला रजा नव्हती. मलाही नव्हती, पण मी चिटणीस होतो. दुसऱ्याच शनिवारच्या फेरीत मी त्यांचं नाव घातलं आणि देखरेखीसाठी स्वतः गेलो. यामिनीला त्या दिवशी ऑफिस होतं.

बारा पाहुणे, सकाळी अकरा वाजता, मनोरा. लिफ्टने वर गेलं की चहूबाजूंनी काचा आहेत. अकरा पाहुणे फूजीचा डोंगर शोधू लागले. तो ढगात होता, त्याबद्दल इनोमाता-सान माफी मागत होते. सासूबाई एकट्याच पश्चिमेच्या काचेच्या दुसऱ्या टोकाला, खाली नदीकडे बघत उभ्या होत्या.

"देवदत्तराव, ही नदी कुठून कुठे वाहते हो?"

आठ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "उजवीकडे."

"उजवीकडे? मग समुद्र डावीकडे कसा दिसतोय?"

मी म्हटलं की जपानमध्ये बऱ्याच गोष्टी वेगळ्या असतात.

त्यांनी ते मनावर घेतलं नाही. काचेला नाक लावून बघत राहिल्या. "आणि नदी वर नि घरं खाली आहेत, असं मला दिसतंय. का माझ्याच डोळ्यांना झालंय?"

"उंचीवरून तसं वाटतं," मी म्हटलं.

"काय तरी सांगू नका. मी सांगलीची आहे." त्यांनी एक तळवा छातीशी आडवा धरला, ही नदी, दुसरा पोटाशी धरला, ही घरं. आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी बालवाडीतला मुलगा आहे आणि दोनांपैकी मोठा चेंडू कुठला ते मला सांगायचं आहे.

माझ्या आधी ते इनोमाता-सान यांनी पाहिलं. त्यांच्या दोन्ही हातांत थर्मास होते. ते त्यांनी खाली ठेवले. जवळ आले, सासूबाईंच्या वरच्या हाताखाली आपला हात नेला आणि तो हळूच कपाळापर्यंत उचलून दिला. मग समुद्राकडे बोट केलं.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "भरतीला इतकं?"

"हाय," इनोमाता-सान म्हणाले. जपानीत याचा अर्थ 'हो' असा होतो.

तेवढ्यात ढग जरा हलल्याची आवई उठली आणि मी अकरा जणांच्या फोटोसाठी दुसऱ्या टोकाला गेलो. परत येऊन मोजणी केली तेव्हा अकरा पाहुणे होते, दोन थर्मास होते. वाटाड्या नव्हता आणि सासूबाई नव्हत्या.

अशा प्रसंगी गोंधळून न जाता कार्यपद्धती पाळावी लागते. मी खाली-वर दोनदा पाहिलं आणि अध्यक्षांना कळवलं. उरलेल्या पाहुण्यांना काहीही कळू न देता नियोजित कार्यक्रम चालू ठेवा, असा त्यांचा निरोप आला. नियोजित कार्यक्रम शंभर येनचं दुकान हा होता. तो वेळापत्रकात मीच घातला होता. रस्ता मात्र इनोमाता-सान यांच्याकडे होता. मी आत्मविश्वासाने डावीकडे वळलो. पस्तीस मिनिटांनी आम्ही एका सायकलतळात पोचलो. हजारभर सायकली ओळीने लावलेल्या होत्या. पाहुण्यांनी फोटो काढले. एका काकांनी विचारलं, "हे पण प्रसिद्ध आहे का?" मी हो म्हटलं. (त्या सायकलतळाला पुढे अभिप्रायात चार पूर्णांक सात मिळाले.)

सव्वाचारला मला थर्मासचं झाकण उघडता आलं नाही.

सासूबाईंच्या फोनला इथलं सिमकार्ड नव्हतं. इनोमाता-सान फोन वापरत, पण चालताना तो बंद ठेवणं ही त्यांची शिस्त होती. मेधाचा ऑफिसातून फोन आला.

"आई कुठेय?"

"त्यावर कार्यवाही सुरू आहे," मी म्हटलं.

"देवदत्त, तू मराठीत बोल. आई कुठेय?"

मी मराठीत सांगितलं. मग ती म्हणाली, "मी निघतेय," आणि फोन ठेवला.

शेवटी यामिनीचं डोकं चाललं. ऑफिस सुटल्यावर ती सायकलवर आली आणि म्हणाली, "अरे, ते गेली दोन वर्षं कुठे थांबायचं म्हणून परवानगी मागतायत?" पाहुण्यांना मी स्टेशनवर सोडलं आणि आम्ही बांधाकडे गेलो. तो माझ्या घरापासून सायकलने सहा मिनिटांवर आहे. मी त्याच्यावर कधी चढलो नव्हतो.

वर दोघं काँक्रीटच्या पायऱ्यांवर बसले होते. मधे सासूबाईंचा डबा होता, त्यातला थालीपिठाचा अर्धा तुकडा इनोमाता-सान यांच्या हातात होता. मांडीवर ती छोटी वही.

"आई, किती वेळ शोधतोय आम्ही तुम्हाला!"

"का? मी हरवले कुठे होते? हे होते की बरोबर. पंप बघून आलो, केवढाले आहेत ते! दारं बघितली. एक खांबसुद्धा दाखवला त्यांनी."

मला आता बोलायला मुद्दे होते: नियम, जबाबदारी, अकरा पाहुणे. पण माझी नजर वहीवर गेली. पानावर एक दुमजली घर काढलेलं होतं, बालवाडीच्या फळ्यावर काढतात तसं. आत जिना. जिन्याला सतरा पायऱ्या, सतराच्या सतरा काढलेल्या. अकराव्या पायरीवर पाण्याची नागमोडी रेघ. आणि जिन्यावर एक बाई एका आडव्या माणसाला चादरीवर घालून वर ओढत होती.

"हे काय आहे?"

"हे २०१९ सालचं. आयर्विन पुलावर कृष्णा सत्तावन्न फूट झाली होती ना, तेव्हाचं. ह्यांना पक्षाघात झालेला, पाणी तर उंबऱ्यात आलं. मग घातलं चादरीवर आणि एकेक पायरी ओढलं. दीड तास लागला. वरच्या खोलीत चार दिवस होतो आम्ही. पाचव्या दिवशी होडी आली."

"हे तुम्ही मेधाला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही फोनवर विचारायचात, पाणी उतरलं का. उतरलं तेव्हा उतरलं म्हणून सांगितलं की."

त्या दिवसांत मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दोन जोडलेले हात पाठवल्याचं मला आठवलं. त्यानंतर आम्ही जेवायला बाहेर गेलो होतो. यावर नक्की काय नोंदवावं हे न कळल्याने मी नोंदवहीत वेळ लिहिली: पाच चाळीस.

सासूबाईंनी पान उलटलं. "आणि हे त्यांचं." कौलारू छप्पर, छपरावर एक बाई, तिच्या पाठीला बांधलेलं मूल आणि शेजारी भाताचं भांडं.

यामिनीने इनोमाता-सान यांना विचारलं आणि ऐकून आम्हाला सांगितलं, "त्यांची आई आहे. पाठीवर मोठी बहीण. हे जन्मायच्या आधीचा पूर. तीन दिवस छपरावर होत्या. आई सगळ्यांना सांगायची, की वाचले ते भाताचं भांडं आधी वर नेलं म्हणून." इनोमाता-सान आणखी काही बोलले. "म्हणतायत, सदतीस वर्षांत पंप एकदाही बंद पडू दिला नाही. त्यामुळे इथे पंप आहे हे कुणाला कळलंच नाही."

"विचार त्यांना," सासूबाई म्हणाल्या, "की लोक बघत नाहीत तर तुम्ही दाखवता कशाला?"

यामिनीने विचारलं. ते टोपी सारखी करत हसले आणि दोनच वाक्यं बोलले.

"म्हणतायत, भीती घालायला नाही. कुणीतरी राखण करतंय, एवढं कळावं म्हणून."

तेवढ्यात मेधा धापा टाकत बांध चढून आली. तिने आईला काही विचारलं नाही. ती येऊन शेजारी बसली, वही ओढून घेतली आणि त्या जिन्याकडे बघत राहिली. सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, रडायला काय झालं? उतरलं की पाणी."

उपसमितीची चौकशी पुढच्या शनिवारी झाली. आरोप गंभीर होते: नियोजित कार्यक्रम सोडणे, एका पाहुणीस पंप दाखवणे, अकरा पाहुण्यांना चहाविना ठेवणे. अहवाल मीच लिहिला. त्यात पाहुणीचं नाव 'श्रीमती रे.' असं ठेवलं आणि नात्याचा उल्लेख टाळला, म्हणजे निःपक्षपातीपणाला बाध येणार नाही. श्रीमती रे. यांचं अभिप्राय-पत्रही जोडलं होतं. 'काय आवडलं?' या रकान्यात त्यांनी 'माणूस' असा एकच शब्द लिहिला होता. 'काय आवडलं नाही?' या रकान्यात: 'जावयांच्या घरात बॅटरी नाही.'

अध्यक्षांनी ते पत्र बाजूला ठेवून सांगितलं की एका व्यक्तीच्या समाधानासाठी संस्था चालत नाहीत. यामिनी म्हणाली, "सर, तुम्ही स्वतः बांध बघितलाय का?" अध्यक्षांनी हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याचं निदर्शनास आणलं. मी यामिनीच्या बाजूने हात वर करणार होतो. पण त्या हाताने मी इतिवृत्त लिहीत होतो.

निर्णय कळवायची वेळच आली नाही. इनोमाता-सान स्वतः आले. बरोबर अकरा छोटी खोकी, गोड पदार्थांची. चहा न मिळालेल्या प्रत्येक पाहुण्यासाठी एक. कमरेतून वाकून त्यांनी माफी मागितली आणि राजीनामा दिला. आम्ही तो जड अंतःकरणाने दोन मिनिटांत स्वीकारला. मग शाल आणि श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. नारळ दोन्ही हातांत धरून ते बराच वेळ उभे होते. याचं काय करतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

खरं तर प्रकरण इथे मिटलं होतं. पण सासूबाईंना अजून तीन आठवडे राहायचं होतं. त्या रोज सकाळी दहा वाजता डबा घेऊन बाहेर पडू लागल्या आणि वाटेत मंडळातल्या काही घरी डोकावूही लागल्या. खाली इनोमाता-सान निळ्या टोपीत उभे असत. माझ्या पदरी मंडळात टोमणे येऊ लागले. जयप्रकाशनी मला बाजूला घेऊन विचारलं, "देवदत्त, हे अधिकृत आहे का?" मी म्हटलं, खाजगी आहे. ते म्हणाले, "मग निदान समाधानाचा निर्देशांक तरी कळवत जा."

जाण्याच्या आदल्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, "चला, तुम्हा दोघांना तुमचं गाव दाखवते."

आम्ही गेलो. स्टेशनच्या वळणापलीकडे एक औषधांचं दुकान आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तिथली बाई बाहेर येऊन म्हणाली, "रेखा-सान!" पुढे एका म्हाताऱ्याचे सोनमासे होते, त्याने टाकीवरची जाळी बाजूला करून आम्हाला ते दाखवले. एका गल्लीत सासूबाई थांबल्या. "इथून जायचं नाही हं. हा सगळा खोलगट भाग. पाणी आधी इथे येणार." मग तीन शाळा दाखवल्या. कुणाचा तिसरा मजला किती उंच, कुठल्या शाळेचं फाटक मागच्या बाजूला आहे, सगळं. "मेधा, तू ऑफिसात असलीस आणि हे घरात असले तर तू कुठे जायचंस?" मेधाने बरोबर उत्तर दिलं. "आणि तुम्ही, देवदत्तराव?"

"मी ऑफिसला जाईन," मी म्हटलं. तेवढाच रस्ता मला येतो.

त्यांनी मला तो रस्ता तीनदा चालायला लावला. तिसऱ्यांदा मी पुढे होतो आणि त्या मागून येत होत्या. औषधाच्या दुकानातली बाई हसत होती.

त्या सांगलीला परतल्या. सप्टेंबरमध्ये, एका शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास, सगळ्यांचे फोन एकाच वेळी किंचाळले. वादळ वळलं होतं. पालिकेने खालच्या भागातल्या लोकांना हलायला सांगितलं आणि तीन शाळा उघडल्याचं कळवलं. शाळांची नावं जपानी चित्रलिपीत होती. मंडळाच्या गटावर पुढच्या वीस मिनिटांत दोनशे चौदा संदेश आले. त्यांत 'कुठे जायचं?' एकशे सहा वेळा होतं, 'काळजी घ्या' एकोणसत्तर वेळा आणि सुप्रभातची फुलं अकरा वेळा. उरलेल्यांपैकी एक अध्यक्षांचा होता: तातडीने उपसमिती नेमावी.

मेधाने सरळ सांगलीला व्हिडिओ कॉल लावला आणि तो गटात जोडला. पडद्यावर सासूबाई स्वयंपाकघरात दिसल्या, चष्मा कपाळावर.

"कोण कोण आहे? बरं. वैभवी, तुझी इमारत सोनमाशांच्या मागे ना? मग मधल्या गल्लीने जायचं नाही, ती खोलगट आहे. औषधाच्या दुकानावरून ये. संजीव, तुमच्या आईंना गुडघ्याचं आहे, त्यांना पिवळ्या शाळेत न्या, तिथे लिफ्ट आहे. जयप्रकाशभाऊ, तुम्ही कुठल्या बाजूला राहता?"

"स्टेशनच्या... अं... पुढे," अध्यक्ष म्हणाले.

"पुढे म्हणजे नदीकडे का नदीच्या उलट?"

अध्यक्ष पडद्यावर आधी उजवीकडे पाहू लागले, मग डावीकडे.

"बरं, खिडकीतून दाखवा मला. फोन जरा वर करा. हां, आलं लक्षात. बाहेर पडून उजवीकडे. नाही, तो डावा."

अशा रीतीने सांगलीहून फुनाबोरीची एकसष्ट कुटुंबं सव्वा तासात तीन शाळांमध्ये पोचली. आमच्या शाळेच्या फाटकापाशी पावसात इनोमाता-सान उभे होते. वयामुळे त्यांना आत बसायला सांगितलं होतं, पण ते ऐकत नव्हते. येणाऱ्या प्रत्येकाला हाताने जिना दाखवत होते. अध्यक्ष आले तेव्हा त्यांनाही दाखवला आणि म्हणाले, "हळू, काका." अध्यक्षांनी वाकून नमस्कार केला. किती अंशांतून वाकले हे मी नोंदवलेलं नाही. पण छत्री खाली पडली आणि ती उचलायला ते थांबले नाहीत.

वादळ दुपारी समुद्राकडे वळून गेलं. पाणी आलं नाही. पंप चालू होते. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी उभं राहिलं की त्यांची बारीक घरघर ऐकू येत होती. मेधाने ती आईला फोनवर ऐकवली.

पाणी न आल्यामुळे साहजिकच सगळी व्यवस्था उत्तम असल्याचं सिद्ध झालं. मंडळाने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला. इनोमाता-सान यांना उपसमितीने सन्मानाने परत बोलावलं आणि बांधावरची मुदत वाढवून पंधरा मिनिटं केली. त्यांनी वाकून आभार मानले आणि नम्रपणे नकार दिला. आता ते फक्त खाजगी फेऱ्या घेतात, महिन्यातून एक, आणि तीही इथल्या रहिवाशांसाठी. नावं नोंदवायला रांग आहे. माझा नंबर बाविसावा आहे.

वाटाड्यावाचून उपसमिती मात्र तशीच चालू आहे, कारण ती बंद करायची तर सभा घ्यावी लागते. सध्या तिने एक नवी योजना आखली आहे. आम्ही लोकांना शहर दाखवून थकलो; आता आमचे सभासद सुट्टीत भारतात येतील तेव्हा गावोगावच्या लोकांनी त्यांना आपापलं गाव हिंडून दाखवावं. त्यासाठी आम्ही पुण्यापासून परभणीपर्यंत तीनशे बारा घरांना पत्रं पाठवली: तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे? तीनशे बारा उत्तरं आली आणि तीनशे बारांत एकच वाक्य होतं: 'आमच्याकडे काय आहे हो बघण्यासारखं!'

तुमचं पत्र अजून आलेलं नाही. पण तुमचा वेळ वाचावा म्हणून आम्ही ते वाक्य आधीच छापून घेतलं आहे. तुम्ही फक्त खाली सही करून पाठवा.